रानालगतचे घर आणि दाराशी येणारे वन्यप्राणी

कडेपठार

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, गावठाणापासून जरा बाजूला, आमचे शेतातले घर आहे. मागे करवंदीच्या जाळ्या आणि त्यांच्या वर वनखात्याची हद्द, पुढे भातखाचरे आणि त्यांच्या खाली कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस. अशा घरी वन्यप्राणी नेमाने येतात. माळ्यावर काळमांजर म्हणजे उदमांजर असते, गोठ्यामागे धामण असते, उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीवर वानरांचा कळप उतरतो, रात्री साळिंदर भुईमुगाचा वाफा उकरून जाते आणि ऊस डोक्याच्या वर गेला की बांधावरच्या ओल्या मातीत बिबट्याचे ठसे दिसू लागतात.

अलीकडे आमच्या आसपास नवी शेतघरे झाली आहेत. त्यांत राहायला आलेली कुटुंबे विचारतात, की प्राणी येऊच नयेत म्हणून कोणते औषध फवारावे, कुंपणाला काय लावावे आणि पकडून न्यायला कोणाला बोलवावे. मी त्यांना आधी हे पाहायला सांगतो, की तो प्राणी आला कशासाठी. भक्ष्य, पाणी, आडोसा किंवा पिलांसाठी सुरक्षित जागा, यांपैकी काहीतरी त्याला तुमच्या अंगणात मिळालेले असते. ते बहुतेक वेळा आपणच ठेवलेले असते, त्यामुळे ते काढणेही आपल्याच हातात असते. कारण जागेवर ठेवून नुसता प्राणी हलवला, तर मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो.

सापाचे उदाहरण घ्या. धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर साप येतो. आमच्या गोठ्यात पेंडीच्या पोत्यांमागे वावरणारी धामण मी पुष्कळदा निरखली आहे. ती भिंतीच्या कडेकडेने सरकते, प्रत्येक भोकाशी थांबून जीभ आतबाहेर करते, आणि एखाद्या बिळात शिरली की शेपटीचा शेवटचा वीतभर भाग काही वेळ बाहेर राहून सावकाश आत ओढला जातो; मग आतून उंदरांची बारीक चींचीं ऐकू येते आणि थांबते. धामण बिनविषारी आहे. ती मारली तर उंदीर वाढतात, आणि त्या उंदरांवर पुढच्या पावसाळ्यात जो साप येईल तो नाग किंवा घोणसही असू शकतो. म्हणून आमच्या घरी धामणीच्या वाटेला कोणी जात नाही.

घराभोवतीची व्यवस्था मात्र आम्ही कसोशीने पाळतो. धान्य पत्र्याच्या कोठ्यांत असते. सरपण भिंतीला टेकवून न रचता घरापासून दूर, दगडांवर फळ्या टाकून त्यांवर रचलेले असते. उरलेली कौले आणि विटा यांचा ढीग पावसाळ्याआधी हलवला जातो. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आहे, दारांखालच्या फटींना रबरी पट्टी आहे आणि छपरावर टेकणाऱ्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. साप पळवून लावतात म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांवर आणि कार्बोलिक ॲसिडवर पैसे घालण्यापेक्षा एखादे भोक सिमेंटने बुजवलेले कधीही चांगले.

मण्यारीच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. हा साप रात्री फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात दंश करतो. दात इतके बारीक असतात की कित्येकदा वेदनाही होत नाही, झोपमोडही होत नाही. खाली झोपण्याची सवय असलेल्या घरांनी निदान पावसाळ्याचे महिने तरी खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. रात्री अंगणात उतरताना बॅटरी आणि पायांत पादत्राण हवेच.

पागोळी

आमचे घर कोकणात, कौलारू, जुने आणि मोठ्या माळ्याचे आहे. तुम्ही लिहिलेला बराचसा भाग रोजच्या पाहण्यातला असल्यामुळे वाचून बरे वाटले. दोन गोष्टी विचारते.

पहिली अशी, की आमच्या पडवीच्या भिंतीवर वारंवार एक काळपट तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांचा साप चढलेला दिसतो. शेजारी त्याला मण्यार समजून मारतात, आणि सासूबाई म्हणतात की तो निरुपद्रवी कवड्या आहे. ओळखायचे कसे?

दुसरी गोष्ट काळमांजराची. माळ्यावर रात्रभर धावपळ चालते, एका कोपऱ्यात बिया असलेल्या विष्ठेचा ढीग साचतो आणि आता छतातून बारीक आवाजही येऊ लागले आहेत. घरातली मंडळी कौले काढून त्याला हुसकायचे म्हणत आहेत.

कडेपठार

पागोळीताई, सासूबाईंचे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, पण खात्री दुरूनच करावी. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे उलट असते. तिच्या निळसर काळ्या चकचकीत अंगावर बारीक पांढऱ्या रेघा, बहुधा जोडीजोडीने, मागच्या भागात स्पष्ट असतात आणि डोक्याकडे पुसट होतात किंवा नसतातच. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर षटकोनी आकाराच्या मोठ्या खवल्यांची रांग असते, पण ती दिसावी इतके जवळ कोणी जाऊच नये. भिंतीवर सहज चढणारा, पालींच्या मागे असणारा साप बहुतेक वेळा कवड्या असतो. शंका राहिली तर दुरून छायाचित्र काढून जाणकार सर्पमित्राला दाखवावे, आणि तोवर त्याला मण्यारच समजून अंतर राखावे.

काळमांजराविषयी एकच विनंती, की आत्ता कौले काढू नका. बारीक आवाज येत असतील तर बहुधा पिले आहेत. मादीला हुसकावले तर पिले माळ्यावर उपाशी मरतात आणि त्यानंतरची दुर्गंधी व माश्या यांचा त्रास आजच्या धावपळीपेक्षा कितीतरी जास्त होतो. शिवाय काळमांजर फळांबरोबर उंदीरही खाते. त्याच्या विष्ठेतल्या बिया माळ्यावर वाया जातात हे खरे, पण रानात त्याच बियांतून भेरली माड, उंबर आणि जांभूळ दूरवर पोचतात.

शतावरी

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते, म्हणून मण्यारीच्या परिच्छेदाला जोडून थोडे सविस्तर लिहिते.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. महाराष्ट्रातले गंभीर दंश मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे असतात, आणि आपल्याकडची प्रतिसर्पविष लस याच चौघांच्या विषांवर तयार केलेली असते. त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याला मारून पिशवीतून रुग्णालयात आणण्याची काहीच गरज नसते. त्या खटाटोपात वेळ जातो आणि दुसऱ्या माणसालाही दंश होतो. मारलेल्या सापाचे डोकेसुद्धा काही काळ चावू शकते.

मण्यारीच्या दंशाचा रुग्ण बहुधा पहाटे येतो. पोटात दुखते, घसा दुखतो, पापण्या जड होऊन खाली येतात, आणि घरच्यांना वाटते की रात्रीचे जेवण बाधले. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्यांचा जडपणा एकत्र जाणवला, तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. त्यांच्यापैकी काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज लागते आणि तिथे अर्धा तासही मोलाचा असतो.

घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते. त्यासाठी आम्ही साधी तपासणी करतो. थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतो आणि मग नळी तिरपी करून पाहतो. रक्त गोठले नसेल तर लस सुरू होते. तुमच्या जवळच्या रुग्णालयात ही लस आहे का, आणि नसेल तर कोणत्या रुग्णालयात आहे, याची चौकशी पावसाळ्याआधीच करून ठेवावी.

दंश झाल्यावर माणसाला शांत ठेवावे, चालवू नये, अंगठ्या, बांगड्या आणि पैंजण काढावेत, दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. दोरीने आवळू नये, चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये. मांत्रिकाकडे वाया गेलेला वेळ मी फार जवळून पाहिला आहे. बिनविषारी सापाच्या दंशातून आपोआप बरा झालेला माणूस मांत्रिकाची कीर्ती वाढवतो आणि तिच्यावर विसंबलेला पुढचा माणूस जिवाला मुकतो.

बांधकरी

सापांपुरते सारे पटते, पण बिबट्याला हेच म्हणणे लावले जाते तेव्हा माझा विरोध आहे. मी जुन्नर भागातला शेतकरी आहे. आमच्या वस्तीवर गोठ्याचे दार वाकवून बिबट्याने शेळ्या नेल्या आहेत. आमच्या आणि शेजारच्या आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत घरासमोर खेळणारी मुले आणि शेतात वाकून काम करणारी म्हातारी माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली आहेत. संध्याकाळ झाली की आम्ही मुलांना अंगणातसुद्धा सोडत नाही. ज्यांच्या घरी हे घडत नाही त्यांनी सहजीवनाचे धडे देऊ नयेत असे मला कळकळीने वाटते. बिबट्या उसात जन्मतो, उसात वाढतो. त्याला जंगल माहीतही नाही. मग त्याला पकडून जंगलात न्या, असे म्हणण्यात चुकीचे काय आहे?

दुसरे असे, की शेतीपंपाची वीज रात्री येते. पाण्याची दारे धरायला माणसाला रात्री दोन वाजता उसात जावेच लागते. त्याने कोणते कारण काढून टाकायचे?

कडेपठार

बांधकरी, तुमच्या भागात माणसे गेली आहेत आणि त्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद छोटाच आहे. ज्या बिबट्याने माणसांवर हल्ले केल्याचे स्पष्ट झाले आहे त्याला तिथून हलवलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. माझा मुद्दा बाकीच्यांविषयी आहे, आणि तो तुमच्याच भागात झालेल्या अभ्यासावर आधारलेला आहे.

या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर परिसरात दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे परिणाम तपासून २०११ साली प्रसिद्ध केले. स्थलांतराचा कार्यक्रम सुरू झाल्यावर माणसांवरच्या हल्ल्यांची वर्षाची सरासरी ४ वरून १७ वर गेली होती, आणि जिथे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले होऊ लागले होते. याची कारणे समजण्यासारखी आहेत. पिंजऱ्यात सापडणारा बिबट्या हल्लेखोरच असेल असे नसते. त्याची जागा रिकामी झाली की तिच्यावर हक्क सांगायला नवे, बहुधा तरुण बिबटे येतात. आणि पकडलेला प्राणी अनोळखी मुलखात, माणसांच्या हाताळणीने बिथरलेल्या अवस्थेत सुटतो आणि घराकडे परत निघतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक प्रौढ नर गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटाजवळ सोडला होता. ‘आजोबा’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत, वाटेतला महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत, मुंबईच्या बाजूला पोचला. रात्री माणसांच्या वस्त्यांजवळून जातानाही त्याने कोणावर हल्ला केला नाही. इतके चालणाऱ्या जनावराला आपण नेऊन सोडतो त्या जंगलात कुंपण घातल्यासारखे कसे ठेवणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या खोऱ्यातले काम मला याहून महत्त्वाचे वाटते. तिथे एका चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसे राहतात आणि मोठे जंगल नाही. तरीही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीवरून पुढच्या वर्षी जे कळले ते घराघराने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्या आहारातला वजनाने ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा त्यामानाने कमी निघाला, कारण शेळ्या रात्री बंद गोठ्यात असतात आणि कुत्री मोकळी असतात. म्हणजे वस्तीवर उष्टे-खरकटे आणि कोंबड्यांची आतडी उघड्यावर टाकली, की तिथे कुत्री जमतात, आणि कुत्र्यांसाठी बिबट्या येतो. त्याला आपल्या अंगणापर्यंत आणणारी ही साखळी कुठेतरी आपल्या हाताने तुटू शकते.

गोठ्याचे म्हणाल तर तुमचे दार वाकले, यात त्या दाराचा दोष आहे. कुडाच्या भिंती, वरून मोकळा गोठा आणि तारेच्या आकड्याने अडकवलेले दार बिबट्याला अडवत नाही. चारही बाजूंनी आणि वरूनही जाड लोखंडी जाळी, आतून सरकणारी मजबूत कडी आणि जाळीपासून आत हातभर अंतरावर जनावरे, एवढे केले तर तो पंजा घालूनही काही नेऊ शकत नाही. हा खर्च एकट्या शेतकऱ्यावर पडू नये, ही मागणी रास्त आहे आणि ती ग्रामसभेने ठराव करून लावून धरावी. जनावर मारले गेले तर ते न हलवता लगेच वनखात्याला कळवावे, कारण भरपाईचा पंचनामा जागेवरच होतो. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक घरात दिसेल असा लिहून ठेवावा.

रात्रीच्या विजेबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे. दिवसा वीज मिळणे हाच तिथला उपाय आहे. शेतकऱ्याने सावध राहावे असे सांगून ती जबाबदारी टाळता येणार नाही. ती मिळेपर्यंत एकट्याने जाऊ नये, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत, काठीला घुंगरू बांधावे आणि शक्यतो खाली वाकून बसू नये. बसलेला माणूस त्याला उंचीने लहान दिसतो.

शेवरीबन

मी ऊसतोडीच्या हंगामात बछड्यांच्या कामात स्वयंसेवक म्हणून जाते, म्हणून त्याच विषयात एक भर घालते. फडात तोडणी पुढे सरकते तसतशी बिबट्याची पिले उघडी पडतात. त्याच फडांत वाघाटी नावाच्या, पाळीव मांजरापेक्षाही लहान रानमांजरीची पिलेही सापडतात आणि लोक त्यांना बिबट्याची समजतात. पहिल्या क्षणी लोकांना त्यांना उचलून घरी न्यावेसे वाटते, छायाचित्रे काढावीशी वाटतात, दूध पाजावेसे वाटते. कृपया यांपैकी काहीही करू नये. आई बहुधा जवळच्याच फडात असते, आणि पिले हरवलेली मादी पुढचे काही दिवस त्या शिवारात बिथरलेली फिरते. तेव्हाच माणसांना धोका सर्वांत जास्त असतो.

तोडणी त्या कोपऱ्यात थांबवून वनखात्याला कळवले, की पशुवैद्य पिले तपासतात आणि संध्याकाळी ती सापडली त्याच जागी उथळ खोक्यात ठेवली जातात. आम्ही दूर गाडीत बसून कॅमेऱ्यावर पाहतो. मादी आधी लांबून फेरी घालते, थांबते, खोक्याच्या कडेवर पंजा ठेवून ते कलते करते, आणि एकेका पिलाला मानेला धरून नेते. दुसऱ्यासाठी परत येते. माणसांचा वास लागला म्हणून आई पिलांना टाकते, ही समजूत खरी नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला असलेल्या बिबट निवारा केंद्राच्या लोकांनी वनखात्याबरोबर अशा कितीतरी पिलांची त्यांच्या आयांशी भेट घडवून आणली आहे.

विहिरींबद्दलही सांगते. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री पळताना बिबट्या, तरस, कोल्हा, कोणीही पडतो. अशा वेळी बाज दोराने खाली सोडली तर तो तिच्यावर चढून बसतो आणि दम खातो. मात्र काठावर गर्दी नको. त्याला बाहेर काढल्यावर पळायला मोकळी वाट मिळाली नाही, तर तो समोरच्या माणसावर जाणारच.

सागरवेळ

सिंधुदुर्गातून थोडक्यात. आमच्याकडे २००२ साली कर्नाटकातून हत्ती आले आणि तेव्हापासून दोडामार्ग, तिलारीच्या बाजूला त्यांचा वावर राहिला आहे. केळीची आणि माडाची बाग एका रात्रीत भुईसपाट होते, त्यामुळे हत्तीविषयी लोकांच्या मनात भक्ती आणि संताप दोन्ही आहेत. हत्ती अंगणात आला तर दिवे घालवून आत शांत राहावे, फटाके फोडत मागे लागू नये. मागे लागलेल्यांमुळेच तो उलटतो.

गर्दीने काय होते ते २०२० च्या डिसेंबरात पुण्यातल्या कोथरूडला साऱ्यांनी पाहिले. वाट चुकून वस्तीत आलेला गवा बघ्यांच्या गोंगाटात तासन् तास सैरावैरा धावला आणि पकडल्यानंतर मेला. त्याला त्रास देण्याचे कोणाच्या मनात नसेलही, पण प्रत्येकाला तो जवळून पाहायचा होता.

आणखी एक सूचना आरोग्याची आहे. आमच्या भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा ताप गोचिडांमार्फत पसरतो. रानात किंवा बागेत मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवावे. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करायला जाताना अंग झाकणारे कपडे घालावेत आणि परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवायला टाकावेत. वानर, मुंगूस, कोल्हा यांपैकी कोणीही चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जावे. याबाबतीत लोक कुत्र्याइतकी काळजी इतर प्राण्यांच्या चाव्याची घेत नाहीत.

पळसबन

विदर्भातल्या शेतकऱ्याला रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर यांचा त्रास बिबट्याहून जास्त आहे. तुरीत आणि हरभऱ्यात रात्रीतून कळप शिरतो आणि घरच्या माणसांना मचाणावर जागल करावी लागते. या हतबलतेतून काही जण कुंपणात थेट वीज सोडतात, आणि त्या तारेला चिकटून डुकराबरोबर वाघ मरतो, शेजारचा शेतकरी मरतो, कधी घरचाच मुलगा मरतो. सौर कुंपणात क्षणिक झटका असतो, त्याने जनावर मागे फिरते आणि जीव जात नाही. थेट जोडणी बेकायदा तर आहेच, पण ती आपल्याच माणसांवर लावलेली सापळ्याची तार आहे. हे मी रागाने लिहितो आहे, कारण अशा घरांत सांत्वनाला जाण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

ताडोबाच्या भोवतालच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला माणसे पहाटे अंधारातच निघतात आणि झाडाखाली वाकून वेचतात. वाघाच्या हल्ल्यांतील पुष्कळ हल्ले याच स्थितीत होतात. उजाडल्यावर, जोडीने आणि बोलत बोलत गेले तर धोका बराच कमी होतो, पण फुले आधी वेचणाऱ्याच्या पदरात पडतात, त्यामुळे एकट्याने उशिरा जाणे परवडत नाही. गावाने मिळून वेळ ठरवली तरच ते जमते.

बांधकरी

कडेपठार, शेवरीबन, उत्तरांबद्दल आभार. कुत्र्यांचा मुद्दा मला मान्य आहे. आमच्या वस्तीजवळ कोंबड्यांच्या शेडबाहेर मेलेल्या कोंबड्या टाकल्या जातात आणि बिबट्या तिथेच पहिल्यांदा दिसू लागला. हा विषय मी ग्रामसभेत मांडणार आहे. मेलेल्या कोंबड्यांसाठी चुना टाकून खोल खड्डा आणि वर झाकण, एवढे शेडमालकाला सहज जमण्यासारखे आहे.

तरीही माझ्या मनात एक गोष्ट कायम आहे. अकोल्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवर वाघोबाचे ठाणे असते आणि वाघबारसेला त्याला नैवेद्य दाखवतात. त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या वाघाबरोबर दिवस काढले आणि त्यांची सोशिकता खरी आहे. पण ती सोशिकता गृहीत धरून वीज, गोठा आणि भरपाई यांची कामे रेंगाळत ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

कडेपठार

पूर्ण सहमत. वाघोबाला हात जोडणाऱ्या माणसालाही जाळीचा गोठा आणि दिवसाची वीज मिळालीच पाहिजे.

पागोळी

घरच्यांनी ऐकले आहे आणि कौले तशीच ठेवली आहेत. सर्पमित्राने छायाचित्र पाहून पडवीतला साप कवड्याच असल्याचे सांगितले. आता पिले गेल्यावर काळमांजराची वाट बंद करायची आहे, कारण त्याच्या मुतामुळे छताच्या फळ्या खराब होत आहेत आणि माळ्यावर बियाण्याचे भात ठेवायचे आहे. हे कसे करावे?

कडेपठार

पिले साधारण तीन महिन्यांची होईपर्यंत थांबावे. तोवर ती आईबरोबर रात्री बाहेर पडू लागतात. त्यानंतर दिवसा माळ्यावर जाऊन उजेड कुठून आत येतो ते पाहावे, म्हणजे फटी सापडतात. संशयाच्या प्रत्येक फटीसमोर चाळलेली राख पातळ पसरून ठेवावी. सकाळी पावलांच्या खुणा ज्या फटीसमोर दिसतील ती त्याची वाट. बाकीच्या सर्व फटी आधी बंद कराव्यात आणि ही एक मोकळी ठेवावी.

मग एखाद्या रात्री, अंधार पडल्यावर दोन-तीन तासांनी, सर्व जण बाहेर गेल्याची राखेवरून खात्री करून ती वाट जाड जाळीने बंद करावी. पुढच्या दोन रात्री माळ्यावर कान ठेवावा. आत कोणी ओरबाडत असेल तर जाळी लगेच काढून पुन्हा काही दिवस थांबावे. छपराला टेकलेली आंब्याची किंवा फणसाची फांदी असेल तर ती त्याच सुमारास छाटावी, आणि माड घराला लागून असेल तर त्याच्या खोडाला पुरुषभर उंचीवर हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. माळा साबणाच्या पाण्याने धुऊन, नाकातोंडाला फडके बांधूनच विष्ठा काढावी. त्याला राहायला दुसरी जागा मिळावी असे वाटत असेल, तर परसातले पोकळ खोडाचे जुने झाड तोडू नका.